अपंग मुलांचा शाळेवरील हक्क

(पालक व शिक्षक यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अपंग मुलांविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे आपल्याकडे वक्त्याचा आवाज आपोआप हळवा होतो. आजच्या भाषणात त्या हळवेपणाला मी जागा ठेवलेली नाही. माझा प्रश्न साधा आहे आणि तो कायद्याचा आहे. सरकारच्या पैशाने चालणारी शाळा एखाद्या आंधळ्या, बहिऱ्या, पांगळ्या किंवा सावकाश शिकणाऱ्या मुलाला 'उद्यापासून येऊ नकोस' असे म्हणाली, तर त्या मुलाच्या आईबापांच्या हाती काय असते? मुख्याध्यापकांपुढे हात जोडणे एवढेच जर असेल, तर त्या मुलाला शाळेचा हक्क आहे असे कोणीही म्हणू नये.

ही कसोटी माझी नाही. १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत ध्येयांच्या ठरावावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या ठरावातला हाच उणेपणा दाखविला होता. ठरावात हक्क सांगितले आहेत, पण हक्कावर घाला पडला तर दाद कोठे मागावयाची ते सांगितलेले नाही, आणि दाद मागण्याची सोय नसेल तर हक्काला काही अर्थ राहत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे ९ डिसेंबर १९४८ रोजी, आज जे कलम ३२ आहे त्याला त्यांनी घटनेचा आत्मा म्हटले, तेही याच कारणाने. नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते ते त्या कलमामुळे. तीच कसोटी आज मी अपंग मुलांच्या शाळेला लावणार आहे. प्रथम अमेरिकेतील कायद्याला आणि नंतर आपल्या कायद्याला.

अमेरिकेपासून आरंभ का, असे आपण विचाराल. त्याचे कारण असे की, त्या देशात अपंग मुले ज्या दारातून शाळेत शिरली ते दार काळ्या लोकांनी उघडलेले होते. आपल्या वाचकांना ती हकीकत ठाऊक असणे अगत्याचे आहे. एक खुलासा आधीच करतो. अमेरिकेतील 'पब्लिक स्कूल' म्हणजे आपल्याकडे तशी पाटी लावून जबर फी घेणारी शाळा नव्हे. तेथे त्या शब्दाचा अर्थ करांच्या पैशाने चालणारी, वस्तीतल्या मुलांसाठी असलेली विनामूल्य शाळा असा आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेसारखी.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात निकाल दिला, की काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा ठेवणे हेच विषमतेचे कृत्य आहे. वेगळी शाळा समान असूच शकत नाही. हा निकाल सर्वांना माहीत आहे. त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. डिसेंबर १९५२ मध्ये या खटल्यांची सुनावणी चालू असताना साउथ कॅरोलायना राज्याच्या बाजूने जॉन डब्ल्यू. डेव्हिस हे नामांकित वकील उभे होते. १९२४ साली ते अध्यक्षपदाचे उमेदवारही होते. त्यांनी न्यायमूर्तींना एक भीती घातली. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ जर या काळ्या लोकांच्या म्हणण्याप्रमाणे लावला, तर उद्या मुलांना वयावरून, मुलगा-मुलगी या भेदावरून किंवा बुद्धीच्या कुवतीवरून वेगळे बसविण्याचा अधिकारही राज्याला उरणार नाही, असे ते म्हणाले. ज्याला ते अनर्थ समजत होते, तोच पुढे वीस वर्षांत अपंग मुलांच्या बाबतीत न्याय म्हणून अवतरला. हक्क मिळविणाऱ्यांच्या आधी हक्क नाकारणाऱ्याला त्या हक्काचा पल्ला दिसला होता. विरोधकांची भाषणे लक्षपूर्वक वाचावीत ती यासाठी.

त्या वेळी राज्याराज्यांतील कायदे कसे होते ते पाहा. पेनसिल्व्हेनियाच्या शाळा-कायद्याप्रमाणे ज्या मुलाचे 'मानसिक वय' पाच वर्षांचे झालेले नाही त्याला शाळेत घेणे लांबविता येत असे, आणि 'हे मूल शिकविण्याजोगे नाही' असा दाखला मिळाला की शाळा त्याच्यापासून कायमची मोकळी होत असे. जानेवारी १९७१ मध्ये अशा मुलांच्या पालकांच्या संस्थेने राज्याविरुद्ध संघीय न्यायालयात फिर्याद दाखल केली. टॉमस गिलहूल हे त्यांचे वकील. त्यांनी ब्राऊन निकालाचा आधार घेतला आणि तज्ज्ञांना साक्षीला उभे केले. कितीही मंद बुद्धीचे मूल असले तरी योग्य शिक्षणाने त्याचा लाभ होतोच. बहुतेक जण स्वतःच्या पायावर उभे राहतात आणि उरलेले निदान स्वतःची निगा राखू लागतात, असे त्या साक्षींतून निघाले. राज्य सरकारने लवकरच तडजोड पत्करली. १९७२ च्या मे महिन्यात न्यायालयाने त्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केले, आणि सूचना दिल्याशिवाय व सुनावणी झाल्याशिवाय अशा कोणत्याही मुलाची शाळा किंवा वर्ग बदलावयाचा नाही असा नियम त्यात घातला गेला.

परंतु मला अधिक वेळ द्यावयाचा आहे तो दुसऱ्या खटल्याला. तो वॉशिंग्टन शहरातला, म्हणजे त्या देशाच्या राजधानीतला. मिल्स खटला या नावाने तो ओळखला जातो. फिर्यादी सात मुले होती आणि सातही काळी होती. त्यांतला पहिला मुलगा बारा वर्षांचा, चौथ्या इयत्तेतला. १९७१ च्या मार्च महिन्यात 'वर्तन बरे नाही' असे सांगून त्याला शाळेतून काढले गेले. सुनावणी नाही, दुसरी शाळा नाही. कोणाला अपस्माराचे झटके येत होते, कोणाच्या मेंदूला इजा होती, कोणाला मतिमंद ठरविले होते. शहराच्या शिक्षण खात्याने स्वतःच केंद्र सरकारला जो अहवाल पाठविला होता त्याप्रमाणे त्या शहरात सुमारे २२,००० अपंग मुले होती आणि त्यांपैकी १८,००० पर्यंत मुलांना त्यांच्या गरजेचे शिक्षण मिळतच नव्हते.

शिक्षण मंडळाने बचाव काय केला? पैसा नाही! हा बचाव आपल्या कानांना नवा नाही. न्यायमूर्ती जोसेफ वॅडी यांनी १ ऑगस्ट १९७२ रोजी त्याचा जो निकाल लावला तो प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली ठेवावा अशा योग्यतेचा आहे. पैसा पुरत नसेल तर जो आहे तो अशा रीतीने वाटा की एकही मूल सर्वस्वी बाहेर राहणार नाही, असे त्यांनी बजावले. टंचाई खरी असो की कारभाराच्या ढिलाईमुळे आलेली असो, तिचा भार धडधाकट मुलापेक्षा अपंग मुलावर अधिक पडता कामा नये, हे त्यांचे तत्त्व. त्यांनी आणखी एक विसंगती उघडी केली. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या आईबापांना त्या शहराचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा गुन्हेगार ठरवीत होता. आणि तेच आईबाप मूल घेऊन दाराशी आले की शाळा त्यांना परत पाठवीत होती. सक्ती करणाऱ्याने आधी शाळा दिली पाहिजे, हे सांगावयास न्यायालय लागले. वॅडी हे स्वतः काळे होते आणि हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकले होते. ब्राऊन खटला लढविणाऱ्या वकिलांची पिढी ज्या विद्यापीठात तयार झाली तेच हे विद्यापीठ.

न्यायालयात असे पाऊल पडल्यावर कायदेमंडळाला स्वस्थ बसता आले नाही. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ आले. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने केवळ अपंगत्वामुळे कोणाला वगळता कामा नये, असे ते कलम सांगते. त्याची घडण १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील वर्णभेदविरोधी कलमावरून घेतलेली आहे. कलम झाले, पण ते अमलात आणण्याचे नियम काढावयास सरकार चार वर्षे टाळाटाळ करीत राहिले. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर अपंग स्त्री-पुरुष शिरले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथून हलले नाहीत. त्यांना रोज गरम जेवण कोणी पुरविले? ब्लॅक पँथर पक्षाने. ज्या पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, तोच हा पक्ष. २८ एप्रिल १९७७ रोजी मंत्र्यांनी नियमांवर सही केली. त्या ठिय्याच्या पुढारी ज्युडिथ ह्यूमन यांना लहानपणी ब्रुकलिनमधील शाळेने प्रवेश नाकारला होता. कारण सांगितले गेले, की चाकांच्या खुर्चीतली मुलगी वर्गात असली तर आग लागण्याच्या वेळी धोका होईल!

दरम्यान २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने अपंग मुलांच्या शिक्षणाचा मुख्य कायदा झाला होता. देशात ८० लाखांहून अधिक अपंग मुले आहेत, त्यांतील निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुले सार्वजनिक शाळांच्या पूर्ण बाहेर आहेत, अशी कबुली त्या कायद्याच्या आरंभीच दिलेली आहे. १९९० मध्ये त्याचे नाव बदलले. २०२२-२३ या वर्षात त्या कायद्याखाली ३ ते २१ वर्षे वयाची सुमारे ७५ लाख मुले शिकत होती.

आता या कायद्याच्या यंत्राकडे पाहू, कारण आपण शिकावयाचे ते तेथेच आहे. अपंग मुलाला विनामूल्य व योग्य शिक्षण मिळेल, आणि शक्य असेल तेथवर ते इतर मुलांच्या सोबत मिळेल, ही त्यातील घोषणा झाली. घोषणा कोणीही करतो. या कायद्याने तिच्यामागे चार खिळे ठोकले. पहिला असा की, प्रत्येक मुलाची स्वतंत्र लेखी योजना व्हावयाची. मूल आज कोठे आहे, वर्षभरात कोठवर जाईल, त्यासाठी शाळा कोणती मदत, किती वेळ व कोणाच्या हातून देईल, हे त्यात लिहावयाचे आणि वर्षातून निदान एकदा ते तपासावयाचे. ज्या बैठकीत ही योजना ठरते तिच्यात आईबाप पाहुणे म्हणून नसतात, सभासद असतात. दुसरा खिळा म्हणजे, शाळेला काही बदलावयाचे असेल किंवा पालकांची मागणी नाकारावयाची असेल, तर तिने आधी लेखी सूचना दिली पाहिजे, कारणांसह आणि पालकांना समजणाऱ्या भाषेत. 'नाही' हा शब्द तोंडाने उच्चारून शाळेची सुटका होत नाही. तिसरा खिळा निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढील सुनावणीचा, आणि त्यावर न्यायालयात जाण्याचा.

चौथा खिळा मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाद मिटेपर्यंत मूल आहे त्या वर्गातच राहील. वर्षभर सुनावणी चालली तरी मूल घरी बसणार नाही. हा नियम ज्याला सुचला त्याला गरिबाच्या जिण्याची नेमकी जाण असली पाहिजे. कारण श्रीमंत माणूस खटल्याच्या काळात मुलाला दुसऱ्या शाळेत घालतो. गरिबाचे मूल मात्र खटला जिंकेपर्यंत शाळेच्या वयातूनच निघून जाते. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात शाळेने म्हटले, की मूल धोकादायक वाटले तर हा नियम आम्हांस लागू असू नये. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. अपंग मुलांना आपल्या मर्जीने बाहेर काढण्याचा जो अधिकार शाळा पूर्वापार वापरीत आल्या, तोच काढून घेण्यासाठी हा नियम केलेला आहे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे शस्त्रे, अमली पदार्थ यांसारख्या गोष्टींपुरते अपवाद कायद्यात आले. नियम मात्र कायम राहिला.

या कायद्याचे गुणगान करून मी थांबलो तर ते अर्धसत्य होईल. १९८२ मध्ये एका बहिऱ्या मुलीने वर्गात खुणांच्या भाषेचा दुभाषी मागितला. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. मुलगी ओठांवरून जमेल तेवढे ओळखून वरच्या वर्गात जाते आहे, मग कायद्याचे काम झाले, असा तो न्याय होता. जिला शिक्षकाचे अर्धे शब्द कळत नाहीत आणि तरीही जी उत्तीर्ण होते, तिच्या कष्टाचे बक्षीस म्हणून तिचा दुभाषी काढून घेतला गेला, असे मी म्हणेन. पस्तीस वर्षांनी, २०१७ साली, त्याच न्यायालयाने एकमताने ठरविले की नाममात्र प्रगती पुरेशी नाही. मुलाच्या परिस्थितीला साजेल अशी खरी प्रगती व्हावी अशीच योजना शाळेने आखली पाहिजे.

दुसरा दोष आपल्याला अधिक जवळचा आहे. कॅलिफोर्नियात 'शिक्षणक्षम मतिमंद' या नावाचे वर्ग चालत. १९७० च्या सुमारास त्या राज्याच्या शाळांतील मुलांमध्ये काळी मुले सुमारे एक दशांश होती; या वर्गांत मात्र चौथा हिस्सा त्यांचाच होता. बुद्धिमापनाच्या कसोट्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या होत्या. काळे मूल त्यांत मागे पडले की मतिमंद म्हणून त्याची पाठवणी होई, आणि त्या वर्गातून परत येणारे विरळा. न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहम यांनी १९७९ मध्ये काळ्या मुलांच्या बाबतीत या कसोट्यांचा तसा वापर बंद केला. म्हणजे पाहा, एकाच समाजाच्या मुलांवर दोन्ही अन्याय होत होते. जे खरोखर अपंग त्याला बाहेर ठेवले जाई, आणि जे अपंग नाही त्याला अपंग ठरवून बाजूला बसविले जाई. गोणपाटावर वेगळे बसविण्याची रीत ज्या समाजाने सोसली, त्याने अपंगत्वाच्या दाखल्याकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. घरी पाटी-पुस्तक नाही, बोली वेगळी, म्हणून वाचनात मागे राहिलेल्या मुलाला कोणी 'मतिमंद' म्हणू लागला, तर आधी विचारा, तपासणी कोणी केली आणि कोणत्या भाषेत केली?

आणि कायद्याचे रक्षण करणारी कचेरीच मोडली तर काय होते, हेही अमेरिकेतच दिसले. मार्च २०२५ मध्ये तेथील शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कचेरीच्या बारा प्रादेशिक शाखांपैकी सात शाखा सरकारने बंद केल्या. कलम ५०४ खालील शाळांविरुद्धच्या तक्रारी याच कचेरीकडे जातात. कलम कागदावर तसेच राहिले. तक्रार वाचणारी माणसे कमी झाली.

आता आपल्या घराकडे येऊ.

आपल्या घटनेच्या कलम १५ मध्ये भेदभावाची जी कारणे निषिद्ध म्हणून सांगितली आहेत, त्यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही आहेत; अपंगत्व नाही. ते कलम ४१ मध्ये आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यावर न्यायालयात थेट दावा चालत नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्यातील 'वंचित गटा'त अनुसूचित जातीची मुले आरंभापासून होती. अपंग मुलांचा समावेश करण्यास २०१२ ची दुरुस्ती व्हावी लागली.

त्यानंतर आला २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा. सरकारी भाषेत आता 'दिव्यांग' म्हणतात. मी जाणूनबुजून जुना शब्द वापरतो. देणे द्यावयाचे नसले की नाव गोड द्यावयाचे, ही रीत 'हरिजन' या शब्दापासून आपल्या चांगल्या परिचयाची आहे. असो. कायदा मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. कलम १६ प्रमाणे सरकारच्या अनुदानाची किंवा मान्यतेची प्रत्येक शाळा अपंग मुलाला भेदभावाशिवाय प्रवेश देण्यास, इमारत त्याला वापरता येईल अशी करण्यास आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करण्यास बांधलेली आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद कलम १७ मध्ये आहे. ज्याचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचा दाखला आहे, त्याला कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. कलम १७ प्रमाणे त्याला पुस्तके व साधनेही विनामूल्य मिळावयाची आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाळीस टक्क्यांची अट कलम ३१ ला आहे, कलम १६ ला नाही. 'दाखला चाळीसचा नाही, सबब प्रवेश नाही' असे सांगणारा मनुष्य कायदा सांगत नसतो.

घोषणा भरपूर झाली. खिळे कोठे आहेत?

थोडे आहेत, पण विखुरलेले आहेत, आणि ज्याला ते वापरावयाचे त्याला कोणी दाखवून देत नाही. प्रत्येक मुलाची लेखी योजना आणि आईबापांचा तीत मताधिकार, हे आपल्या कायद्यात त्या स्पष्टतेने नाही. वाद मिटेपर्यंत मूल त्याच वर्गात राहील, हा तर नियमच नाही. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १६ प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला काढून टाकण्यास मनाई करते. म्हणून आपल्या शाळा काढून टाकीत नाहीत. त्या म्हणतात, 'काही दिवस घरी ठेवा', 'परीक्षेपुरते आणा', 'आई दिवसभर वर्गात बसणार असेल तर चालेल'. हजेरीपटावर नाव राहते, बाकावर मूल राहत नाही.

या टाळाटाळीला २०१२ च्या दुरुस्तीने नकळत एक आडवाट दिली. बहुविध किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क राहील, असे ती दुरुस्ती सांगते. शब्द नीट वाचा. निवडण्याचा हक्क मुलाचा आहे. ज्या मुलाला बिछान्यावरून उठवत नाही त्याच्यासाठी ती तरतूद आवश्यकच होती. परंतु जिना चढता येत नाही एवढ्यासाठी वर्ग खालच्या मजल्यावर न आणता 'घरीच शिकवा' असे शाळा सुचविते, तेव्हा मुलाच्या हक्काचे रूपांतर शाळेच्या सोयीत होते. घराच्या चार भिंतींत राहण्याची निवड पालकांनी केली, अशा कागदावर अंगठा घेण्यापूर्वी शाळेने काय काय सोयी देऊ केल्या होत्या, हे त्याच कागदावर लिहावयास लावा.

शिक्षकबंधूंवर सारा दोष टाकणे मला मान्य नाही. साठ मुलांच्या वर्गात ब्रेल न शिकलेल्या शिक्षकाने आंधळ्या मुलाला काय शिकवावे? यासाठीच २८ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अपंग मुलांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक वर्गांत १० मुलांमागे १ आणि वरच्या प्राथमिक व माध्यमिक वर्गांत १५ मुलांमागे १. हे शिक्षक कंत्राटी नसावेत, कायमच्या पदांवर असावेत, असाही त्या निकालाचा रोख होता. २०२५ मध्ये त्याच खटल्यात राज्यांना पदे निश्चित करण्यासाठी पुन्हा मुदत घालून द्यावी लागली, यावरून अंमलाची गती कळते. तेव्हा 'आमच्याकडे तसा शिक्षक नाही' हे उत्तर मिळाले तर ते लेखी मागा. ते शाळेचे समर्थन नसून सरकारविरुद्धचा पुरावा असतो.

हे भाषण छापले जाणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी मार्ग क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट अर्जाची. मुख्याध्यापकांशी तोंडी बोलणे अवश्य करा. पण त्याच दिवशी दोन प्रतींत अर्ज द्या आणि एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. मुलाला कोणती सोय हवी हे नेमके लिहा. 'मदत करावी' असे लिहू नका. 'वर्ग तळमजल्यावर घ्यावा', 'फळ्यावरील मजकूर मोठ्या अक्षरांत छापून द्यावा', 'लेखनिक द्यावा' असे लिहा, आणि खाली २०१६ च्या कायद्याचे कलम १६ असा उल्लेख करा. दाखला अजून हातात नसला तरी अर्ज थांबवू नका. त्यासाठी केलेल्या अर्जाची पावती जोडा.

शाळेने पोच देण्यास नकार दिला तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. टपालाची पावती हीच पोच.

दुसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना तीत त्यांच्या प्रमाणात जागा असावयास हव्यात. २०१२ पासून अपंग मुलांचे पालक त्या गटात आले आहेत. बहुतेक गावी ही समिती सह्यांपुरती असते. तेथे जाऊन बसा, शाळेच्या विकासाच्या आराखड्यात उतरंड, संडास आणि विशेष शिक्षक यांची मागणी इतिवृत्तात नोंदवून घ्या. अमेरिकेत आईबापांना जी बैठक कायद्याने मिळाली तिची जागा ही समिती पूर्णपणे घेऊ शकत नाही. पण इतिवृत्तात आलेली गोष्ट पुढे कोणाला नाकारता येत नाही.

तिसरी गोष्ट तक्रारीची.   २०१६ च्या कायद्याप्रमाणे राज्याच्या अपंग आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

मूल ६ ते १४ या वयातले असेल तर याच्या जोडीला शिक्षणहक्क कायद्याचे कलम ३२ वापरा. त्याखाली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावात जिल्हा परिषदेकडे आणि शहरात नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे करावयाची असते. तक्रार पालकांनीच केली पाहिजे असेही नाही. कोणालाही करता येते. ज्या आईला लिहिता येत नाही तिच्यासाठी येथे बसलेल्या तरुणांपैकी कोणीही ती स्वतःच्या सहीने देऊ शकतो. प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय दिला पाहिजे. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तीन महिने मोजावयाचे ते तक्रार पोहोचल्यापासून. तेव्हा पोचेवरचा शिक्का अस्पष्ट उमटला असेल, तर तारीख शाईने लिहून तीवर कारकुनाची सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.